नळाची जाळी: सिंकला घ्या, बादलीच्या नळाला नको

पाणी वाचवण्याच्या सल्ल्यांमधली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे नळाच्या तोंडाला लावायची जाळी. दुकानात ‘एरेटर’ मागा नाहीतर ‘फोम फ्लो’ मागा, तीच डबी पुढे सरकते. खोक्यावर कुठे ७० टक्के, कुठे ९५ टक्के पाणी वाचेल असं छापलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने हॉटेलं, ऑफिसं आणि मोठ्या संकुलांमध्ये या जाळ्या सक्तीच्या केल्या. त्याच उन्हाळ्यात मुंबईतही ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली, त्यामुळे सोसायट्यांच्या बैठकांत जाळीचा विषय निघणं साहजिकच होतं. बसवायला हरकत काहीच नाही. फक्त कुठल्या नळाला, किती लिटरची आणि पाण्याला जोर किती, हे आधी बघायला हवं. मुंबईत या तिन्ही गोष्टी एकाच बिल्डिंगच्या दोन मजल्यांवर वेगळ्या निघतात.

इथे पाच प्रकारांबद्दल लिहितो आहोत: बेसिनची ३ लिटरची स्प्रे जाळी, पाण्यात हवा मिसळून फेसाळ धार देणारी ६ आणि ८ लिटरची फोमची जाळी, सिंकला लावायची फिरती दोन धारांची जाळी, धुक्यासारखा फवारा मारणारी ‘मिस्ट’, आणि फुटपाथवर मिळणारी रबरी तोटी. लिटरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती पाणी येणार ते. हा आकडा साधारण ३ बार दाबाला मोजलेला असतो, आणि सगळी गोम इथेच आहे.

आधी दाब बघा

दहा मीटर उंचीवरचं पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी असेल तर तळमजल्याच्या नळाला दोन बारच्या पुढे दाब मिळतो, मधल्या मजल्यांना एक-सव्वा, आणि टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला जेमतेम ०.३ ते ०.५ बार. जुन्या फ्लॅटांमध्ये बाथरूमच्या माळ्यावर घरची टाकी असते. तिथलं पाणी नळाच्या वर फार तर मीटर-दीड मीटर, म्हणजे दाब ०.१ ते ०.१५ बार. अशा नळाला ३ लिटरची जाळी लावली तर धार येतच नाही, नुसते थेंब ओघळतात. हवा मिसळायची तर पाण्याला वेग लागतो. तो नसला की फेस होत नाही आणि पाणी जाळीच्या एका कडेने वाकडंतिकडं पडतं.

दाबाचा अंदाज घ्यायला गेज लागत नाही. एक लिटरची बाटली घ्या, नळ पूर्ण सोडा, मोबाइलवर सेकंद मोजा आणि ६० ला त्या सेकंदांनी भागा: मिनिटाचे लिटर मिळाले. बाटली ५ सेकंदांत भरली तर १२ लिटरचा प्रवाह आहे आणि जाळीचा खरा फायदा याच नळाला होतो. ५ ते ८ सेकंद लागले तर ८ लिटरची फोमची जाळी लावून बघायला हरकत नाही. ८ सेकंदांच्या वर गेलात तर जाळीचे पैसे ठेवून द्या, तुमचा नळ मुळातच काटकसरी आहे. मोजणी मात्र ज्या वेळी भांडी घासली जातात त्याच वेळी करा. स्वयंपाकघरातला एक नळ थेट पालिकेच्या लाइनवर आणि बाकीचे टाकीवर, अशी सोय अनेक घरांत असते. सकाळी पाणी सुटलं की त्या थेट नळाला दणदणीत फोर्स असतो, दुपारी त्याला पाणीच नसतं.

भरायचं तिथे नको, धुवायचं तिथे हवी

जाळी प्रवाह कमी करते, गरज कमी करत नाही. १५ लिटरची बादली भरायला १५ लिटरच लागतात. जाळी लावली तर बादली सव्वा मिनिटाऐवजी अडीच मिनिटांत भरेल, एवढाच फरक. वॉशिंग मशीन, कुकर, पिंप, कुंड्यांची झारी, सगळ्यांना हेच लागू आहे. थेट लाइनवर पिण्याचं पाणी भरणाऱ्या घरात तर जाळी उलटी त्रासाची होते, कारण पाण्याची वेळ ठरलेली आणि पिंप अर्धं. त्या नळाला जाळी लावू नका, किंवा फिरकीने चटकन काढता येईल अशी लावा.

बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या घराने बाथरूमच्या नळाला जाळी लावून काही साधत नाही. तिथली काटकसर आधीच झालेली आहे. उरतात दोन जागा: स्वयंपाकघरातलं सिंक आणि हात धुवायचं बेसिन.

सिंकचा हिशेब असा. नळ मिनिटाला १२ लिटर देतो आणि भांडी, भाज्या, तांदूळ, हात धरून दिवसभरात २० मिनिटं चालू राहतो असं धरा, म्हणजे २४० लिटर. ६ लिटरची फोमची जाळी लावली की खोक्यावरच्या गणिताने निम्मं, १२० लिटर वाचायला हवं. प्रत्यक्षात तेवढं वाचत नाही. धार बारीक झाली की विसळायला वेळ जास्त लागतो आणि २० मिनिटांची २५ होतात, म्हणजे १५० लिटर. वाचले ९०. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा प्रचलित निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. चौघांच्या घराला ५४० धरले तर ९० लिटर म्हणजे सहावा हिस्सा. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी हा निकाल चांगलाच म्हणायचा.

बेसिनला टक्केवारी याहून मोठी दिसते. हात विसळायला २० सेकंद नळ चालू राहिला तर १० लिटरच्या धारेने सव्वातीन लिटर जातात, ३ लिटरच्या स्प्रेने एकच. हाताला फोर्स लागत नाही, पाणी पसरलेलं हवं, त्यामुळे इथे स्प्रे अगदी बरोबर बसतो. पण दात घासताना नळ चालूच ठेवायची सवय असेल तर ही जाळीसुद्धा दोन मिनिटांत सहा लिटर सोडते, आणि भरून घेतलेला तांब्या अर्ध्या लिटर पाण्यातच काम करून दाखवतो.

पैशांत फायदा शोधू नका. पालिकेचं हजार लिटर घरगुती पाणी एका वडापावपेक्षा स्वस्त पडतं. हजार लिटर तीस मीटर वर चढवायला पंपाला ०.२ युनिटच्या आसपास वीज लागते, तीही किरकोळच. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीचं गणित अर्थात वेगळं. शंभर फ्लॅटनी रोज ९० लिटर वाचवले तर दहा हजार लिटरचा जवळजवळ एक टँकर रोज कमी होतो.

प्रकार एकेक करून

३ लिटरची स्प्रे: बेसिनसाठी उत्तम, सिंकसाठी चुकीची. बारीक बारीक धारांनी तेलकट कढईवरचा साबण लवकर निघत नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना चार घरं वेळेत उरकायची असतात. धार पुरत नाही म्हणून त्या जाळी काढून बाजूला ठेवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

६ लिटरची फोम: सिंकसाठी आमची पहिली पसंती. धार जाड, पांढरी आणि मऊ येते, पाणी उडत नाही आणि ओटा कोरडा राहतो. १ बारपेक्षा कमी दाब असेल तर तिच्या जागी ८ लिटरची घ्या. बऱ्याच नव्या नळांबरोबर ८ लिटरची फोमची जाळी बसूनच येते, तेव्हा खरेदीआधी नळाच्या तोंडात बोट घालून बघा. आत प्लॅस्टिकची मधाच्या पोळ्यासारखी चकती लागली तर जाळी आहेच. अशा वेळी पूर्ण जाळी घेण्यापेक्षा आतलं इन्सर्ट (बॉडीच्या आत बसणारा गाभा) कमी लिटरचं बदललं तरी काम होतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं.

फिरती दोन धारांची: मान सगळीकडे वळते, एका झटक्यात फोमची धार आणि दुसऱ्या झटक्यात शॉवर. भाजी धुवायला आणि सिंकचे कोपरे साफ करायला खरंच सोयीची. हिचं दुखणं गोळीच्या सांध्यात असतं. स्वस्त मालात हा सांधा प्लॅस्टिकचा असतो. रोज वळवून वळवून तो सैल होतो, मान खाली पडते आणि सांध्यातून बारीक धार सिंकच्या मागच्या भिंतीवर उडत राहते. पितळी सांध्याची घ्या आणि दुकानातच हातात धरून वळवून बघा. मान सहज आपल्या वजनाने खाली झुकली तर परत ठेवा. लहान सिंकला शॉवरची धार बाहेर उडते, ते वेगळंच.

मिस्ट: ९५ टक्के बचतीचा दावा या प्रकाराचा. दावा खोटा नाही, पण अपुरा आहे. पाण्याचं धुकं करून ते फवारते. हाताला ओल येते, साबण मात्र निघता निघत नाही, आणि माणूस कंटाळून जास्त वेळ उभा राहतो. तिला दाबही भरपूर लागतो. ऑफिसच्या वॉशबेसिनला ठीक, घरात नको.

रबरी तोटी: स्टेशनाबाहेर आणि आठवडी बाजारात मिळते. आटे नसलेल्या जुन्या नळाला ती नुसती ओढून बसवायची. कमी दाबाला चालते. जोराचं पाणी आलं की निसटते, आणि आत ओल साचून काळी बुळबुळीत होते. स्वस्त आहे हाच तिचा गुण.

साधी जाळी शंभर ते दीडशे रुपयांपासून आणि पितळी बॉडीची दोनशे ते चारशेपर्यंत मिळते. फिरती चांगली घ्यायची तर त्याहून थोडी वर जाते. पितळी आणि क्रोम केलेल्या प्लॅस्टिकच्या बॉडीतला फरक वजनात लगेच कळतो. प्लॅस्टिकचे आटे दोन-चार वेळा काढघाल केली की झिजतात, आणि जाळी साफ करायला काढावी तर लागतेच.

माप आणि बसवणं

सर्वांत जास्त परत येणारी जाळी म्हणजे चुकीच्या आट्यांची. नळाच्या तोंडात आतून आटे असतील तर २४ मिमीची, बाहेरून आटे असलेली जाळी लागते. नळाला बाहेरून आटे असतील तर २२ मिमीची, आतून आटे असलेली. काही जाळ्यांबरोबर दोन्हीकडे चालणारा जोड येतो, तो असलेली घेतलेली बरी. आणखी एक जात म्हणजे नळाच्या तोंडात पूर्ण लपलेली बारीक जाळी. ती काढायला प्लॅस्टिकची छोटी चावी लागते. ती नळाच्या खोक्यात येते आणि खोक्याबरोबरच रद्दीत जाते. माप नाण्याने घ्या असा सल्ला फिरतो. तो ऐकू नका, कारण रुपयाचं २०११ नंतरचं नाणं २२ मिमीचं आणि २०१९ नंतरचं २० मिमीचं आहे. शाळेची पट्टी पुरते. बाथरूममधल्या साध्या आखूड नळाला बहुतेक वेळा आटेच नसतात. तिथे सोडून द्यावं.

जुनी जाळी काढताना नळाच्या खालून वर बघा. त्या बाजूने घड्याळाच्या दिशेने फिरवलं की घट्ट, उलट्या दिशेने सैल. वरून बघून फिरवणारा हमखास उलटीकडे आवळतो. हाताने हलत नसेल तर पान्याच्या जबड्याला जाड कापड गुंडाळा, नाहीतर क्रोमवर दात उमटतात. तरीही अडून बसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर घालून ती नळाच्या तोंडाला रबरबँडने तासभर बांधून ठेवा. रात्रभर नको, क्रोम उतरतं.

नवी बसवण्याआधी नळ उघडा सोडून बादलीभर पाणी काढून घ्या. पाइपातला गंज आणि वाळू तेव्हाच निघून जाऊ दे. जाळीच्या वरच्या बाजूला रबरी वायसर एकच आणि सपाट बसलेला हवा. पाणी तो अडवतो, आटे नव्हे. म्हणून टेफलॉन टेप गुंडाळायचं काही कारण नाही. उलट टेपमुळे आटे वाकडे बसतात आणि कडेने पाणी ओघळायला लागतं. हाताने घट्ट करा, नंतर पान्याने फार तर पाव फेरा. कडेने थेंब आलाच तर जास्त आवळू नका. उघडून बघा: वायसर दुमडलेला तरी असतो, जुना आतच चिकटून दोन झालेले असतात, नाहीतर आटे तिरके चढलेले असतात.

मुंबईच्या पाण्यात जाळी कशामुळे तुंबते

तलावांचं पाणी मुळात मृदू, त्यामुळे बोअरवेलच्या पाण्यासारखे पांढरे खडे जाळीत साचत नाहीत. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या बिल्डिंगमध्ये मात्र साचतात. आपल्याकडे त्रास गंजाचा आणि गाळाचा. रोज बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या लाइनमध्ये पाणी सुटताना पाइपातला गंज सुटून येतो, पावसाच्या सुरुवातीला पाणी गढूळ येतं, आणि सोसायटीची टाकी धुतली की दोन दिवस सगळ्या मजल्यांच्या जाळ्या भरतात. टाकी धुण्याची नोटीस लागली की आधीच जाळी काढून ठेवावी हे उत्तम.

जाळी सुटी केली की वर वायसर दिसतो, त्याखाली बारीक गाळणी, मग चकतीत बसलेली पातळ रबरी रिंग आणि शेवटी पोळ्यासारखं तोंड. दाब वाढला की ती रिंग फुगून वाट अरुंद करते आणि प्रवाह एका आकड्यावर धरते. हाच जाळीचा जीव. गाळणी टाचणीने टोचू नका, भोक मोठं झालं की तिचा उपयोग संपला. जुना टूथब्रश आणि उलट्या बाजूने जोराचं पाणी एवढ्याने गाळ निघतो. पांढरे खडे असतील तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये, पण रिंग आणि वायसर आधी काढून. सुटे भाग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने ताटात मांडून ठेवा. रिंग उलटी बसली तर शिट्टीसारखा आवाज येतो किंवा पाणी अडतं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा हे केलं की पुरे. न करणाऱ्याची धार हळूहळू बारीक होते आणि दोष पंपाला दिला जातो.

दोन ठिकाणी जपायला हवं. गॅस गीझरचं गरम पाणी याच नळाला येत असेल तर ३ लिटरच्या जाळीने प्रवाह इतका कमी होतो की गीझर पेटत नाही किंवा पाणी एकदम कढत येतं. तिथे ६ लिटरच्या खाली जाऊ नका. दुसरं म्हणजे मिक्सर नळ. गार पाणी गच्चीच्या टाकीचं जोराचं आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीचं संथ असेल, तर तोंड अरुंद केल्यावर गार पाणी गरमच्या लाइनमध्ये मागे घुसतं. अंघोळीचं पाणी अचानक गार का झालं याचं उत्तर कधी कधी स्वयंपाकघरातल्या नव्या जाळीत असतं. प्लंबरला सांगून गरमच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा लागतो.

जाता जाता एक. सिंकला जाळी आणि शेजारी आरओ, हा विरोधाभास घरोघरी आहे. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. तलावांचं पाणी त्याच्या फार खाली आहे. नळाला पालिकेचं पाणी येत असेल तर यूव्ही पुरतं.

सोसायटीने एकगठ्ठा घेताना

सगळ्यांना एकच जाळी वाटायची चूक टाळा. आधी फ्लॅटवार कागद फिरवा: सिंक आणि बेसिनच्या नळाला आटे आतून, बाहेरून की नाहीतच, आणि लिटरची बाटली किती सेकंदांत भरते. मग वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावर एकेक घरात आठवडाभर लावून बघा. ज्या घरात भांडी घासायला मावशी येतात त्यांना धार चालते का हे त्यांनाच विचारा, घरमालकाला नव्हे. वरचे दोन मजले बहुधा यादीतून गळतील, गळू देत. ऑर्डर देताना प्रवाहाचा आकडा बॉडीवर किंवा इन्सर्टवर छापलेला आहे ना ते बघा, फक्त खोक्यावर असेल तर घेऊ नका. पाणी वाचवणाऱ्या नळांसाठी आयएस १७६५० हे भारतीय मानक आहे. विक्रेत्याला त्याबद्दल विचारलं की माल कुठला आहे ते बऱ्यापैकी कळतं. आणि एकूण नगांच्या दहा टक्के सुटे इन्सर्ट व वायसर त्याच बिलात घ्या. तोच माल सहा महिन्यांनी मिळेलच असं नाही, आणि एका फाटलेल्या वायसरपायी लोक अख्खी जाळी काढून फेकतात.